काळ्या कापडातलं लोखंड

शनिशिंगणापुरात आपली वस्तू चोरीला गेली असं वाटून घाबरलेला माणूस बहुधा मी एकटाच असेन. तोंडानं मी तसं म्हटलं नाही. म्हणायची छातीच झाली नाही. पण अर्धा दिवस ते वाक्य जिभेवर धरून मी मामाच्या घरात, अंगणात, गोठ्यात, उकिरड्यावर फिरत होतो. ज्या गावात घरांना दारं नाहीत, कारण चोरी होतच नाही अशी सगळ्यांची श्रद्धा, त्या गावात ‘चोरी झाली’ म्हणणं म्हणजे देवालाच खोटं पाडणं. आणि मुंबईला तार करून कळवावं, तर जी वस्तू गेली ती मीच न सांगता उचलून आणलेली. म्हणजे दोन्हीकडून मी चोर.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी मुंबईला, समुद्राकाठच्या एका सरकारी संशोधन संस्थेत नुकता लागलो होतो. अणुभट्टीतल्या इंधनाभोवतून पाणी कसं वाहतं आणि जाताना किती उष्णता उचलून नेतं, याचं गणित मांडायचं काम माझ्याकडे होतं. ऐकायला भारदस्त वाटतं, म्हणून मी ते सांगतही भारदस्त आवाजात असे. प्रत्यक्षात दुसऱ्यांनी काढलेली सूत्रं नीट अक्षरात उतरवून घेणं, यापलीकडे माझी मजल गेली नव्हती.

नळ्यांच्या एका जुडग्याला आम्ही बंडल म्हणत असू. उसाची मोळी बांधावी तशा एकोणीस नळ्या, दोन्ही टोकांना चकत्या लावून एकत्र धरलेल्या, हातभर लांब. खऱ्या बंडलात नळ्यांच्या पोटात इंधन असतं आणि मधल्या बारीक फटींमधून पाणी धावतं. एखाद्या फटीतलं पाणी जास्त तापतं, शेजारच्या फटीतलं कमी. त्यांची आपसांत जेवढी मिसळ होईल तेवढं बरं, कारण एकाच जागी पाणी फार तापलं की तिथल्या नळीचं काही खरं नाही. ही मिसळ करतात भोवरे. नदीच्या पुरात दिसतात तसलेच, पण लहान, अगणित, आणि एकसारखा दुसरा नसलेले. एकेका भोवऱ्याचा पाठलाग करणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. म्हणून आम्ही सगळ्यांच्या वतीनं एकच आकडा बसवत असू : सरासरीनं एक भोवरा किती लांब जाऊन आपली ऊब शेजाऱ्याच्या पदरात टाकतो. तो आकडा बरोबर असेल तर पुढचं सगळं बरोबर.

माझा आकडा मी साध्या गोल नळाच्या प्रकरणातून उचलला होता. नळ काय आणि नळ्यांमधली फट काय, पाणी ते पाणी, असा माझा शास्त्रीय दृष्टिकोन.

आमचे साहेब दक्षिणेकडचे, बोलायला कमी. त्यांनी माझे कागद चाळले आणि त्या आकड्यावर पेन्सिल टेकवली.

“हा कुठून आला?”

“सर्वमान्य आहे, सर.”

“तुम्ही पाहिलाय?”

“आकडा कसा पाहणार, सर?”

“मिसळ होताना. पाहिलीय कधी?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, “सोमवारी सांगा.”

आमच्या प्रयोगशाळेत पाणी फिरवायची यंत्रणा होती, पण तिच्यावर दुसऱ्यांची रांग लागलेली. मग माझ्या सुपीक डोक्यात मामाची विहीर आली. तिच्यावर नवं ऑइल इंजिन बसलं होतं आणि त्याचा पंप आमच्या यंत्रणेला लाजवेल असं पाणी फेकत असे. रॅकवर एक नकली बंडल पडून होतं. आत इंधन नाही, नुसत्या पोलादी नळ्या, पण दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं. ते न्यायला गेटपास लागतो. गेटपासावर साहेबांची सही लागते. साहेबांची सही मागायला जे काळीज लागतं ते माझ्याजवळ नव्हतं. गुपचूप न्यायला लागतं ते मात्र कुठून आलं कोण जाणे. चरे पडू नयेत म्हणून फोटोवाल्याकडचं एक काळं कापड गुंडाळलं, होल्डॉलच्या पोटात सारलं आणि रखवालदाराला नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं रामराम करून बाहेर पडलो.

गेटाबाहेर पाय पडला आणि भीती सुरू झाली. सोमवारी सकाळी, साहेब यायच्या आत, ते रॅकवर हवं. नसलं तर नोकरी जाणार हे नक्की. आणि आमच्या खात्यातून वस्तू गेली की पोलीस नुसते चौकशी करून जात नाहीत, असं आम्ही कँटीनमध्ये एकमेकांना मिटक्या मारत सांगत असू. एसटीनं नगरला आलो, तिथून घोडेगावला, पुढं मामाच्या बैलगाडीतून गावात. सगळ्या वाटेत खाकी कपडा दिसला की मी होल्डॉलवर बसायचो. तीनदा तो कंडक्टरच निघाला.

शुक्रवारी दिवेलागणीला मी ओसरीवर टेकलो. मामींनी कंदील वर करून माझं तोंड पाहिलं.

“अगं बया, पोराची रया गेलीया की पार!”

मामा जवळ येऊन निरखून म्हणाले, “साडेसाती लागलीया का रं?”

साहेबांची पेन्सिल माझ्या डोळ्यांपुढं होती. मी सुस्कारा सोडून म्हणालो, “असेल, मामा. काहीतरी मागं लागलंय खरं.”

मी होल्डॉल सोडला, काळं गाठोडं काढून चौकटीच्या आतल्या बाजूला उभं केलं. चौकट म्हणजे नुसती चौकटच. फळी नाही, कडी नाही, संध्याकाळी गोणपाटाचा पडदा सोडायचा, तेवढाच आडोसा.

“ह्यात काय हाय?”

“लोखंड आहे. उद्या सकाळी लागणार आहे.”

“सकाळी व्हय.” मामांनी मान डोलावली, फार समजूतदारपणे. मला त्या समजूतदारपणाचा तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माझी भाकरी संपत आली होती आणि डोळे मिटत होते.

जाग आली तेव्हा ऊन ओसरीवर चढलं होतं. गोणपाट बाजूला सारलेलं. चौकटीपाशी गाठोडं नव्हतं.

घाम फुटणं मी पूर्वी नुसतं ऐकून होतो. ऐन थंडीत माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. पलंगाखाली पाहिलं. कणगीमागं पाहिलं. होल्डॉल उलटा करून झटकला, त्यातून माझाच एक मोजा पडला आणि मी दचकलो. मामा बाजाराला गेलेले. मामी अंगणात शेण थापत होत्या. मी आवाज शक्य तितका सहज केला.

“मामी, माझं ते बोचकं कुणी हलवलं का हो?”

“म्या न्हाई बाबा. का?”

“नाही, तिथं दिसत नाही, म्हणून म्हटलं.”

मामींचा हात तसाच शेणात राहिला. “दिसत न्हाई म्हंजी?”

“म्हणजे... काल होतं, आज नाही.”

“तसं बोलू नगंस!” त्या एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या आणि शेजारच्या घराकडं बघितलं. त्या घरालाही दार नव्हतं, त्यामुळे इकडचा शब्द तिकडं जायला आडकाठी नव्हती. “आमच्या गावात वस्तू जात न्हाई. आमच्या घरातनं गेली म्हनलास, तर लोकं आमाला काय म्हनतील? आनि त्यो?” ‘त्यो’ म्हणताना त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले, शेणासकट. “नीट बघ. तूच कुटं तरी ठिवलं असंल. लई शिकलं की इसरतात मानसं.”

“हो, मीच ठेवलं असेल,” मी म्हणालो. मला तर तसंच हवं होतं.

मग मी शोधत फिरलो, पण शोधतोय असं न दाखवता. गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवण्याच्या निमित्तानं गव्हाण चाचपली. उकिरड्याशी निसर्गशोभा पाहत उभा राहिलो. समोरून येणारा प्रत्येक जण “कवा आला?” विचारी आणि मला तो साध्या वेशातला पोलीस वाटे. बंडल कुणाच्या हाती लागलं, त्यानं ते नगरला नेलं, तिथून वर्तमानपत्रात फोटो, खाली माझं नाव, असं सगळं डोळ्यांपुढून जाऊन झालं. शेवटी मामींनाच राहवलं नाही.

“तोंड बघ कसं झालंय. जा, आंगोळ करून देवाला जाऊन ये. शनवार हाय.”

चौथऱ्यावर पुरुषांनीच जायचं, तेही तिथंच आंघोळ करून ओलेत्यानं. मी डोक्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या, ओला पंचा कमरेला आवळला आणि दात वाजवत पायऱ्या चढलो. उघड्या आभाळाखाली ती काळी शिळा, तेलानं चकचकीत. लोक रांगेनं तेल घालत होते, उडीद वाहत होते. मी हात जोडले, मान खाली घातली आणि माझे डोळे थिजले.

शिळेच्या पायाशी माझं बंडल उभं होतं.

काळं कापड त्याच्या बुडाशी नीट घडी करून अंथरलेलं. वर रुईच्या पानांची माळ. पुढचा माणूस शिळेवर तेल ओतून उरलेलं त्यावर ओती; ते एकोणीस नळ्यांच्या फटींमधून सावकाश उतरे आणि खाली ठिबके. मागून उडदाची मूठ पडे. काही दाणे घरंगळून जात, काही फटींत बसत. एका म्हाताऱ्यानं त्याला वाकून नमस्कारही केला. अणुभट्टीच्या इंधनाला, नकली का होईना, रुईची माळ पडल्याची दुसरी घटना माझ्या ऐकिवात नाही.

मी पुजाऱ्यांना बाजूला गाठलं. “हे कुणी आणलं?”

“तुज्या मामानं. पहाटंच. भाच्याला पीडा हाय, त्यानं मुंबईवरनं लोखंड आनलंय, पन पोर दमून झोपलंय, म्हनून म्याच घेऊन आलो, म्हनला.”

लोखंड, काळं कापड, शनिवारची सकाळ आणि भेदरलेला माणूस. त्या गावात या चार गोष्टी एकत्र आल्या की पाचवी विचारावीच लागत नाही. मामांनी मला उठवलंसुद्धा नाही, मायेनं.

“मला ते परत हवंय,” मी म्हणालो.

पुजाऱ्यांचा तेलाचा तांब्या हवेतच थांबला. “देवाचं?”

“ते माझं नाही हो. सरकारी आहे.”

“मग ने की. हितं काय दार हाय का कुलूप हाय? कोन अडवतंय?” ते शांतपणे म्हणाले. “पन शिवेपातुर नीट जाशील का न्हाई, ते त्याच्याकडं.”

इथं चोरी करणाऱ्याला गावाची शीव ओलांडायच्या आत दिसेनासं होतं, हे मी लहानपणापासून आजोळी ऐकत आलो होतो. कॉलेजात गेल्यावर त्यावर हसतही आलो होतो. मी पुढं झालो. वाकलो. हात लांब केला. तेलात भिजलेली ती नळी बोटापासून वीतभर होती. आणि हात पुढं जाईना. ओल्या पंचातून पाणी पायांवर ठिबकत होतं, मागून कुणीतरी “आवरा की” म्हणालं, आणि डोळे उघडे ठेवावेत की मिटावेत हेच मला ठरवता येईना. तुरुंग सोमवारी होता. डोळे आत्ता होते.

मी तसाच खाली उतरलो.

मामा दुपारी बाजारातून आले ते खुशीत. “काय भाचेराव, हलकं वाटतंय का?”

मी सगळं सांगितलं. गेटपास, रॅक, सोमवार, पोलीस. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला आणि मामांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं माझ्या काळजीनं. ते नव्हतं.

“थांब,” ते म्हणाले. “त्यो माल तुजा न्हवता?”

“नाही.”

“आनि म्या तुला न इचारता उचलला. झोपलेल्या मानसाच्या उशाकडनं.” त्यांनी एकेक शब्द तोलून टाकला. “म्हंजी ह्या गावात, दुसऱ्याचा माल, घरातनं...” त्यांचा हात आपोआप डोळ्यांकडं गेला. एक डोळा झाकून त्यांनी लिंबाकडं बघितलं. मग दुसरा झाकून. “अगं ए! ह्या लिंबावर कावळा हाय का गं?”

“हाय की. का वो?” मामी आतून म्हणाल्या.

“न्हाई, काय न्हाई. दिसतोय मला.”

आता भ्यायला आम्ही दोघं झालो. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं, हे कबूल करतो. पण मामा माझ्यासारखे नुसते भिऊन बसणारे नव्हते. ते गोठ्यात गेले, नांगराचा फाळ खोलून आणला आणि पाटावर ठेवून पुसला. रब्बीची कोळपणी चालली होती, नांगर पुढं उन्हाळ्यातच लागणार. तरी फाळ नसलेल्या नांगराकडं त्यांना बघवेना, त्यांनी त्यावर पोतं टाकलं. आम्ही दोघं ओलेत्यानं चौथऱ्यावर गेलो. मामांनी फाळ काळ्या कापडावर ठेवला, गाल थापटून घेतले आणि शिळेकडं बघून मोठ्यानं म्हणाले, “ह्ये माजं हाय. त्ये माजं न्हवतं. चुकलं. पोराला बी सोड, मला बी सोड.” मग माझ्याकडं वळून, “उचल. आनि शिवेपातुर माज्या हाताला धरून चालायचं. एकाला दिसंनासं झालं तर दुसरा हाय.”

आम्हाला शीव ओलांडायचीच नव्हती, घर गावातच होतं. तरी हात धरूनच घरी आलो.

रविवारी सकाळी विहिरीवर प्रयोग केला. राखेनं आणि सोड्याच्या पाण्यानं तेल काढलं, दाभणानं टोकरून उडीद काढले. बंडल मुंबईहून वेगळ्या पिशवीतून आणलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घातलं, ते पंपाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं. विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचं, म्हणजे परमँगनेटचं, गडद जांभळं पाणी केलं आणि इंजेक्शनच्या सुईनं एकाच फटीत सोडलं. मामांनी इंजिनाचं हँडल मारलं.

जांभळी रेघ फटीत शिरली आणि दोन बोटंही सरळ गेली नाही. एकदम उडी मारून शेजारच्या फटीत, तिथून परत, तिथून तिसरीकडं. जणू फटीफटींमध्ये कुणीतरी श्वास घेत होतं. माझ्या आकड्याप्रमाणं ती मिसळ बंडलाच्या टोकापर्यंतही पुरी व्हायला नको होती. आकडा साफ चुकला होता, पण चांगल्या बाजूनं. पाणी माझ्या गणितापेक्षा शहाणं निघालं. मी चिखलात नाचलो. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग मी सुई काढली. रंग वाहून गेला, पाणी स्वच्छ झालं. एक ठिपका सोडून.

काठाकडच्या एका फटीत जांभळा ठिपका राहिला होता. तो जागचा हलेना. जवळ जाऊन पाहिलं तर जागच्या जागी गरगर फिरत होता. त्याच्या पुढं फटीत एक उडदाचा दाणा अडकलेला, फुगलेला. पाणी दाण्याला वळसा घालून झपाट्यानं पुढं जात होतं, आणि दाण्याच्या आडोशाला तेच ते थोडंसं पाणी स्वतःभोवती फिरत राहिलं होतं. ना ते बाहेर पडे, ना नवं आत येई.

इथं नळी गार होती. खऱ्या बंडलात ती गार नसते. तिथं ते तेवढंसं पाणी तापत राहिलं असतं. एवढं जोराचं पाणी चहूबाजूंनी धावत असताना, त्या एका जागी नळी आतल्या आत भाजली असती. माझ्या सरासरीला त्याचा पत्ताही लागला नसता. चांगला काय, वाईट काय, कुठलाही आकडा बसवला असता तरी.

“थांबलास का?” मामांनी इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

“इथं पाणी पोचत नाहीये, मामा.”

त्यांनी वाकून पाहिलं. “एक दाना तर हाय. काढ की.”

“तिकडं भट्टी चालू असताना आत हात घालता येत नाही.”

मामांनी इंजिन बंद केलं. “म्या म्हनलंच हुतं,” ते हळूच म्हणाले, “पीडा हाय.”

परतीच्या वाटेवर मी होल्डॉलवर बसलो नाही. तो मांडीवर घेऊन बसलो. भीती होतीच, पण आता ती खाकी कपड्यात नव्हती. जे दिसलं ते साहेबांना सांगावं, तर कुठं दिसलं हे सांगावं लागणार. न सांगावं, तर तो जांभळा ठिपका डोळे मिटले तरी फिरतच होता. पुण्याच्या अलीकडं मी एक निर्णय घेतला, आणि तो माझ्या स्वभावाला शोभेल असाच होता. दाभण माझ्या खिशात होतं. मी दाणा काढला नाही. सोमवारी सकाळी उडदासकट बंडल रॅकवर ठेवून दिलं आणि साहेब आल्यावर म्हणालो, “सर, मिसळ एकदा बघायला हवी.”

“चला,” ते म्हणाले. त्यांनी एक फोन केला आणि यंत्रणा त्याच दुपारी मिळाली. त्यांना मागता येत होती. त्यांच्याकडं मागायचं मला सुचलंच नव्हतं.

रॅकवरचं तेच बंडल लावलं, रंग सोडला, बंद केला. साहेब काचेपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी मागं उभा राहून त्यांच्या मानेकडं पाहत होतो. मग त्यांनी पाणी बंद करवलं, बंडल काढवलं, चिमट्यानं दाणा ओढून तळहातावर घेतला आणि नाकाशी नेला.

“हा उडीद आहे.”

मी दाण्याऐवजी काचेकडं पाहू लागलो.

“रोज सकाळी इडली खाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आणि नळ्यांना तेलाचा वास आहे.” त्यांनी वर पाहिलं. “गेटपासाबद्दल मी विचारत नाही. विचारलं तर मला उत्तर ऐकावं लागेल.”

मी जवळचं स्टूल ओढून त्यावर बसलो.

“हा तुमच्या गणितात आहे?”

“नाही, सर.”

“बंडलात आहे,” ते म्हणाले. त्यांनी तो दाणा माझ्या शाईच्या दौतीच्या झाकणात ठेवला. “गणितात घ्या. मग झोपा.”

पुढची कित्येक वर्षं मी तेच करत आलो. अडकलेली फट, तिच्या आडोशाचं पाणी, आणि त्यात न पोचणारे भोवरे. आमच्याकडं कॉम्प्युटर मोठे झाले, आकडे लांबलचक झाले. पण अजूनही एखादं उत्तर फार सुबक, फार गुळगुळीत आलं की मानेवरून काहीतरी गार उतरतं, ओल्या पंचासारखं. मग मी कागद परत पहिल्यापासून घेतो आणि दाणा कुठं बसला असेल ते शोधत राहतो.